बाजूची खिडकी

डोंगरी जलसुविधा मंडळाच्या भोर येथील मुख्य कार्यालयात चार संगणक होते व ते एकमेकांना जोडलेले होते. विंझर येथील उपकार्यालयात एक संगणक होता व तो कशालाच जोडलेला नव्हता. कित्येकदा तर विजेलाही नव्हता. ही विषमता दूर व्हावी म्हणून मंडळाने ‘स्थानिक संगणक जाळ्याचे अंकीय दूरध्वनी वाहिनीद्वारे विस्तारीकरण’ या नावाचा प्रस्ताव वर पाठवला. प्रस्ताव गेला तेव्हा टेलिफोन ही गावात कौतुकाची वस्तू होती. मंजुरी आली तेव्हा विंझरला रस्त्याकडेला काकड्या विकणाऱ्या बाईजवळही दोन मोबाईल होते. परंतु मंजुरी टेलिफोनच्या लाईनची होती. तेव्हा लाईन टाकली गेली ती टेलिफोनचीच.

ते काम सारोळ्याच्या शेफाली धाडवे हिने केले. ही मुलगी एका खाजगी ठेकेदाराकडे तंत्रज्ञ होती आणि तिच्यात एक दोष होता. दिलेले काम ती नीट करी. जिथे जिथे जुनी तार गंजली होती तिथे तिने ती बदलली, जोडांच्या डब्यांतल्या मुंग्या झाडून काढल्या, दोन्ही टोकांना यंत्रे बसवली आणि एकविसाव्या दिवशी विंझरला टाईप केलेले पत्र भोरला चार सेकंदांत छापून दाखवले. या हकिकतीत ही लाईन एकदाही बंद पडत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. वाचकांना सवयीने तशी आशा असते.

मंडळाचे कार्यकारी अधिकारी मंदार उपासनी यांनी ते पत्र हातात घेऊन उजेडाकडे धरले.

“म्हणजे नक्की काय झालं?” त्यांनी विचारले.

“सर, तुमच्या ऑफिसातलं नेटवर्क विंझरपर्यंत वाढलं.”

उपासनी साहेबांनी पत्र उलटून त्याची पाठही पाहिली. तेव्हा शेफालीने सोपे करून सांगितले, “असं समजा, विंझरचा कॉम्प्युटर ह्याच खोलीत बाजूच्या टेबलावर ठेवलाय. दोन ऑफिसं नाहीतच आता. एकच खोली आहे.”

“एकच खोली?”

“हो सर.”

“हे लेखी द्या.”

शेफालीने काम पूर्ण झाल्याच्या पत्रात ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि खाली सही केली. तिच्याकडून एवढीच चूक झाली.

उपासनी साहेबांची सव्वीस वर्षांची सेवा निष्कलंक होती, कारण कागदावर नसलेली गोष्ट त्यांनी कधी खरी मानली नव्हती आणि कागदावर असलेली कधी खोटी मानली नव्हती. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले. ‘भोर व विंझर येथील कार्यालये यापुढे एकच खोली समजण्यात यावी व तदनुषंगाने कार्यवाही व्हावी.’

तदनुषंगाने कार्यवाही झाली. एका खोलीत दोन शिपाई कशाला, म्हणून विंझरच्या गेनूला भोरला बसवण्यात आले. हुकमात ‘बदली’ हा शब्द नव्हता. ‘खोलीच्या त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात’ असे होते. एका खोलीत दोन माठ कशाला, म्हणून विंझरचा माठही भोरला गेला. विंझरचे लिपिक धनाजी मरळ यांनी फोन करून विचारले, की मग आम्ही पाणी कुठे प्यायचे. मुख्य लिपिक नलूताई आगाशे यांनी कळवले, की माठ खोलीतच आहे, दाराच्या डाव्या हाताला.

आणि एका खोलीत दोन रांगा तर असूच शकत नव्हत्या. दोन्हीकडे टोकन काढायचे यंत्र बसले, पण नंबर एकाच क्रमाने निघू लागले. भोरला एक निघाला की विंझरला दोन, मग जिकडे कोणी बटण दाबील तिकडे तीन. खिडक्या दोन होत्या. विषम नंबर खिडकी एकवर, सम नंबर खिडकी दोनवर. आपल्या पुढच्या माणसाचे काम उरकल्याशिवाय मागच्याचे घ्यायचे नाही. एका रांगेतल्या माणसांना एकमेकांची तोंडे दिसली पाहिजेत म्हणून दोन्हीकडे भिंतीवर टीव्ही लागला. त्यात विंझरला भोरची माणसे दिसत आणि भोरला विंझरची. पहिले चार दिवस आवाजही ऐकू येई. मग विंझरची माणसे भोरच्या माणसांना काय काय म्हणाली ते मंडळाच्या टिपणात आले आणि आवाज बंद करण्यात आला. शेफालीच्या लाईनवरून हे सगळे सुरेख चालत होते.

वरल्या टाकेवाडीच्या सावळाराम रेणुसे यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. वाडीत चौतीस घरे. प्रत्येक अंगणातून खाली धरणाचे पाणी दिसते, म्हणून पाहुणे येतात आणि फोटो काढून जातात. वाडीला प्यायचे पाणी मात्र पायथ्याच्या विहिरीवरची मोटार चढवून देई. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती जळाली. मोटारीच्या पेटीला मंडळाचे सील होते आणि दुरुस्ती आदेश हातात असल्याशिवाय कोणाही मिस्त्रीने ते तोडायचे नव्हते. यापूर्वी सावळारामांनी दोनदा असा आदेश आणला होता. विंझरला धनाजीकडे अर्ज द्यायचा. तो गुरुवारच्या टपालाच्या थैलीतून भोरला जाई आणि नवव्या दिवशी आदेश हातात पडे. ही पद्धत अत्यंत संथ होती, म्हणून ती बंद झाली होती.

वाडीच्या बायका धरणाच्या काठावर उतरून हंडे वर आणू लागल्या. तिसऱ्या दिवशी सावळारामांची सून सुलक्षणा गुरांच्या वाटेवर घसरली आणि तिचे मनगट मोडले. नसरापूरहून प्लास्टर घालून आणल्यावर सावळारामांची बायको साळूबाई उंबऱ्यात बसून एवढेच म्हणाली, “आज हात मोडला. उंद्या कुनाची मान मोडंल. तुमी त्यो कागूद आणनार हाय का आमीच जाऊ?”

सोमवारी सकाळी दहाला सावळाराम विंझरच्या खिडकीवर हजर झाले. तिथे दुसरे कोणीच नव्हते. आत धनाजी बसला होता.

“घे रं हा अर्ज,” सावळाराम म्हणाले.

“टोकन काढा, तात्या.”

“कशापायी? हितं मी एकलाच हाय की.”

“हितं एकलं असाल. खोलीत न्हाई.” धनाजीने टीव्हीकडे बोट दाखवले. त्यात बारा-तेरा माणसे एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी होती. “ती बगा रांग. तीच ही.”

सावळारामांनी अर्जावर छापलेला क्रमांक यंत्रात घालून बटण दाबले. एकवीस नंबर निघाला.

“एकवीस म्हंजी विषम,” धनाजी खाली बघत म्हणाला. “विषम एक नंबरच्या खिडकीवर. ही दोन नंबरची.”

“मंग एक नंबरची कुटं हाय?”

“बाजूला.”

सावळारामांनी बाजूला पाहिले. बाजूला भिंत होती. भिंतीखाली माठाच्या तिवईचा डाग अजून तसाच होता.

“भोरला,” धनाजी हळूच म्हणाला. “म्या म्हनतो म्हनून सांगू नका कुनाला. पर पळा.”

सावळाराम पळाले. वडापच्या जीपने चेलाडी फाटा, तिथून उभ्याने कापूरहोळ, तिथे पाऊण तास उन्हात, मग एसटीने भोर. पावणेतीनला ते मुख्य कार्यालयात पोचले तेव्हा नलूताई नोंदवहीवर पट्टी ठेवून रेघ मारत होत्या.

“एकवीस का? साडेअकराला पुकारला. तीनदा. गैरहजर.”

“मी एसटीत हुतो, ताई.”

“खोली सोडून एसटीत कशाला बसलात?” नलूताईंनी मनापासून विचारले. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना फक्त परिपत्रक पाठ होते. “आता नवीन टोकन काढा.”

नवीन टोकन अठ्ठेचाळीस निघाले.

“सम,” नलूताई म्हणाल्या. “बाजूच्या खिडकीवर. पाच मिनिटांत पोचा हं.”

सावळाराम जागचे हलले नाहीत. पाच मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांसमोरच्या टीव्हीत विंझरचा धनाजी रिकाम्या ओट्याकडे पाहून तोंड उघडताना तीनदा दिसला. मग त्याने काहीतरी लिहिले.

“दोन गैरहजेऱ्या झाल्या तुमच्या,” नलूताई म्हणाल्या. “काका, तिसरी झाली की अर्ज निकाली निघतो. मग एकदम पुढच्या टंचाई हंगामात यायचं.”

“म्हंजी म्होरल्या साली?”

“हो. तोवर पाऊससुद्धा होऊन जाईल.”

नेमकी त्याच दुपारी शेफाली लाईनच्या तपासणीला भोरला आली होती. बाकावर बसलेल्या सावळारामांची हकिकत तिने ऐकली, एकदा टीव्हीकडे पाहिले आणि त्यांना घेऊन ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

“सर, अर्ज इथून तिथे चार सेकंदांत जातो. माणसांना कशाला पळवताय?”

“अर्ज जातो हो. अर्जदार समक्ष लागतो.”

“मग हे काका सकाळी समक्ष विंझरलाच होते ना! एक खोली हे मी तुम्हाला समजावं म्हणून बोलले होते.”

उपासनी साहेबांनी कपाटातून फाईल काढली, तिची सही असलेले पान उघडले आणि तिच्यापुढे सरकवले. “म्हणजे हे खोटं आहे?”

“खोटं नाही. पण तसं खरंही...”

“खोटं असेल तर तसं लेखी द्या. मग तुमचं सगळंच काम नव्याने तपासायला लागेल. पार कापूरहोळपर्यंत तार उकरून.”

शेफालीने सावळारामांकडे पाहिले, मग पानाकडे पाहिले. पुढच्या महिन्यात ठेकेदार तिला पक्की करणार होता. तिने लेखी काही दिले नाही. “काका, मी बघते काहीतरी,” असे ती जिना उतरताना म्हणाली आणि तिने खरोखरच एक निवेदन पाठवले. साहेबांनी त्याची सहानुभूतीने दखल घेतली. अर्जदारांना बाजूच्या खिडकीपर्यंत जाण्यास पाच मिनिटांऐवजी यापुढे सात मिनिटे देण्यात आली.

मंगळवारचा सबंध दिवस सावळाराम घरीच बसून होते. बुधवारी ते पुन्हा विंझरला गेले आणि टोकन न काढता टीव्हीसमोर बसून राहिले. तिसरी गैरहजेरी पत्करायची त्यांची छाती नव्हती. तासाभराने त्यांच्या ध्यानात आले, की भोरच्या बाकावरही एक उंच माणूस तसाच बसला आहे. डोक्याला पिवळे मुंडासे, हातात कागद, आणि तोही यंत्राकडे बघतो पण उठत नाही. त्या माणसानेही सावळारामांना हेरले असावे. त्याने पिशवीतून जुन्या कॅलेंडरचे पान काढले, त्याच्या पाठीवर ठळक आकडे लिहिले आणि ते टीव्हीवरच्या कॅमेऱ्यापुढे धरले. मोबाईल नंबर होता. सावळारामांनी तो लावला. टीव्हीत त्या माणसाने फोन कानाला लावला.

“रखमाजी बोलतुया. हिर्डस मावळातला. तुमचं काय, मोटार?”

“मोटारच. तुमचं?”

“मोटार. गैरहजर किती?”

“दोन.”

“माझंबी दोनच,” रखमाजी म्हणाला, आणि पस्तीस किलोमीटरांच्या अंतरावर दोघे एकमेकांकडे बघून हसले.

रखमाजी डोक्याने चलाख होता. तीन दिवस त्या बाकावर बसून त्याने यंत्राची चाल ओळखली होती. “असं करू,” तो म्हणाला. “हितल्या फळ्यावर शेवटचा निघाल्याला नंबर लागतो. त्यो सम आला, की फुडला विषम निघतो. तवा मी हितं बटन दाबतो. लगोलग तुमास्नी फोन करतो. तुमी तितं दाबा, तुमास्नी सम मिळंल. मी हितल्या खिडकीवर, तुमी तितल्या. दोगं जागच्या जागी.”

“सायबाला न्हाई सुचलं ते तुमाला सुचलं,” सावळाराम म्हणाले.

“सायबाला तहान कुटं लागलीया?”

पण बेत साधायला दोन दिवस गेले. दर वेळी मध्येच कोणीतरी येऊन बटण दाबी आणि गणित मोडे. त्या दोन दिवसांत दोघांच्या फोनवर गप्पा होत राहिल्या. रखमाजीच्या वाडीत एकोणीस घरे होती. त्याची म्हातारी आई आजारी होती आणि तिला पाणी मापून द्यावे लागे. दोन म्हशी त्याने पाहुण्यांकडे धाडल्या होत्या. दुपारी तो टीव्हीपुढे भाकरी उघडून दाखवी, सावळाराम आपली दाखवत. रखमाजीच्या फडक्यात रोज ठेचाच असे. “तुमची कालवनाची भाकरी बघून माझं पोट भरतं,” तो फोनवर म्हणाला. सावळारामांनी घरी येऊन साळूबाईला सांगितले, “लई मायेचा मानूस हाय. पाटचा भाऊ असल्यावानी.”

शुक्रवारी पुण्याहून मूल्यमापन समिती भोरला आली. राज्यातल्या उत्कृष्ट सेवांची ती पाहणी करत होती आणि उपासनी साहेबांनी आठवडाभर तिची तयारी केली होती. गेनूने सकाळपासून लोकांना आवाराबाहेर काढले, फक्त रांगेत आहेत असे दिसावे एवढी माणसे आत ठेवली. त्यांत रखमाजी होता. गर्दी नसल्यामुळे यंत्र शांत होते. फळ्यावर चाळीस नंबर लागला. चाळिसावा माणूस आपले काम करून गेला.

सावळारामांचा फोन वाजला. “काढला. एकेचाळीस. दाबा!”

सावळारामांनी बटण दाबले. बेचाळीस. त्यांनी तो चिठोरा धनाजीच्या नाकापुढे धरला. धनाजीने उठून त्यांच्याशी हात मिळवला. साडेबारा वाजले होते.

त्याच वेळी टीव्हीत समिती आत आली. चार माणसे होती. त्यांच्यासाठी खिडकी एकच्या पुढ्यात पाच खुर्च्या मांडल्या गेल्या, खुर्च्यांपुढे टेबल, टेबलावर नारळ, शाली आणि गुच्छ. रखमाजी खिडकीपाशी होता. गेनूने त्याला खांद्याला धरून खुर्च्यांच्या मागे नेले. रखमाजीने टोकन दाखवले. गेनूने मान डोलावली आणि त्याला आणखी मागे, कपाटाशेजारी उभे केले. मग भाषणे झाली. विंझरला ती ऐकू येत नव्हती. फक्त उपासनी साहेबांचे हात दिसत होते. ते दोन हात दूर धरत, मग जवळ आणत आणि एकमेकांत अडकवून दाखवत. एकाला दहा कमी असताना आवाज सुरू करण्यात आला. त्या दिवशी समितीच्या जेवणासाठी खिडक्या एकलाच दिवसभरासाठी बंद व्हायच्या होत्या.

“आता प्रात्यक्षिक,” उपासनी साहेबांचा आवाज विंझरच्या भिंतींवर आदळला. “विंझरच्या एका सामान्य ग्रामस्थाला या खोलीतून, म्हणजे त्याच खोलीतून, चार सेकंदांत सेवा मिळेल. नंबर बेचाळीस!”

“सर, अजून एक्केचाळीस व्हायचाय,” नलूताई म्हणाल्या. त्यांनी पुकारा केला. “एक्केचाळीस!”

टीव्हीत खुर्च्यांच्या मागून, शालींच्या आणि सफारीच्या खांद्यांच्या मधून, एक हात वर झाला. हातात चिठोरा होता. रखमाजी काहीतरी ओरडलाही असेल, पण माईक साहेबांच्या हातात होता आणि समितीची पाठ त्याच्याकडे होती.

“एक्केचाळीस गैरहजर दिसतोय,” उपासनी साहेब म्हणाले.

समितीचे अध्यक्ष काटेकोर गृहस्थ होते. कोणावर अन्याय झालेला त्यांना खपत नसे. “असं कसं?” ते म्हणाले. “खात्री करून घ्या. रांग एकच आहे ना? मग मागच्या नंबरच्या अर्जदारालाच विचारा. नागरिकांचं म्हणणं महत्त्वाचं.”

“धनाजी, विचारा,” साहेबांनी हुकूम दिला.

धनाजी सावळारामांकडे वळला. “तात्या, एकेचाळीस दिसतो का तितं? तुमी वळखता नव्हं त्येला?”

सावळारामांना हात दिसत होता. हाताखालचे पिवळे मुंडासेही दिसत होते. रखमाजीचे काम व्हायला फार तर दहा मिनिटे लागली असती, आणि घड्याळात एक वाजायला दहाच मिनिटे होती. त्यातली दोन साहेब बोलण्यात घालवतील, एक नारळ देण्यात जाईल, असा हिशेब त्यांच्या डोक्यात चालून गेला. मग सुलक्षणाचा प्लास्टरमधला हात आठवला. उंबऱ्यातली साळूबाई आठवली. चौतीस घरे आठवली. एकोणीस घरेही आठवली, पण ती शेवटी.

“न्हाई दिसत कोन,” सावळाराम म्हणाले.

आवाज दोन्हीकडे चालू होता. भोरच्या त्या खोलीत तो स्वच्छ ऐकू गेला. टीव्हीतला तो हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग खाली गेला.

“एक्केचाळीस गैरहजर. तिसरी वेळ,” नलूताई म्हणाल्या आणि त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली. “अर्ज निकाली.”

चार सेकंदांत विंझरच्या यंत्रातून दुरुस्ती आदेश बाहेर आला. धनाजीने तो कॅमेऱ्यापुढे धरला. भोरला टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी पुढे वाकून विचारले, “काका, तुमचा अनुभव सांगा. कशी वाटली ही सोय?”

सावळारामांचे तोंड कोरडे पडले होते. इकडेतिकडे पाहिले तर माठ नव्हता.

“लई ब्येस,” ते म्हणाले. “भोरला हेलपाटा घालायची गरज न्हाई. हितल्या हितं काम हुतं.”

हे वाक्य पुढे अहवालाच्या पहिल्या पानावर चौकटीत छापले गेले.

सोमवारी मिस्त्रीने सील तोडले आणि मंगळवारी मोटार सुरू झाली. वरच्या टाकीतून नळाला पाणी आले तेव्हा वाडीतल्या पोरांनी गलका केला आणि बायकांनी हंडे घासायला काढले. सुलक्षणाने चांगल्या हाताने नळ सोडला आणि बंद केला, पुन्हा सोडला. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर सावळारामांनी सगळी हकिकत सांगितली. साहेबाच्या नाकावर टिच्चून आपण यंत्राची चाल कशी ओळखली, विषम-समचे गणित कसे बसवले, हे ऐकून लोक मांडीवर थाप मारून हसले. गणित कोणाचे, हे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले.

साळूबाईने जेवताना एकदा विचारले, “त्यो तुमचा पाटचा भाऊ, त्येचं झालं का काम?”

“व्हईल की,” सावळाराम म्हणाले. “भाताच्या रोपासाठी राब भाजायचा राहिलाय. उंद्या लौकर उठव.”

बुधवारी रखमाजीचा फोन आला. सावळारामांनी नाव वाचले, वाजून संपेपर्यंत फोन हातात धरला आणि मग पालथा घालून ठेवला. तो पुन्हा आला नाही.

मंडळाला मूल्यमापनात पहिला क्रमांक मिळाला. शंभरातले सत्त्याण्णव अर्ज निकाली काढणारे दुसरे कार्यालय समितीच्या पाहण्यात नव्हते. आणखी चार तालुके त्याच खोलीत घेण्याचे ठरले आणि उपासनी साहेबांना त्या खोलीचे प्रमुख म्हणून बढती मिळाली. लाईन संपूर्ण काळ निर्दोष चालली, असा दाखला शेफालीकडून मागवण्यात आला. तो तिने दिला. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

अहवाल एकशे चाळीस पानांचा आहे. रखमाजीच्या वाडीला त्या उन्हाळ्यात पाणी मिळाले का, हे त्यात नाही, कारण निकाली निघालेल्या अर्जाबद्दल विचारायची पद्धत नाही. सावळारामांनीही विचारले नाही. त्यांना नावे ठेवायला हरकत नाही, पण जरा बेताने. मोटार सुरू झाली आणि सुलक्षणाने नळ सोडला, तेव्हा तुम्हालाही बरे वाटले होते आणि गोष्ट तिथेच संपली असती तर चालले असते. टाकेवाडीची घरे किती, हे तुम्ही आत्ताही सांगाल. रखमाजीच्या वाडीचे तर तुम्हाला नावही माहीत नाही. ते मी सांगितले नाही हे खरे. पण इतक्या वेळात तुम्ही कुठे विचारलेत?